घरचं स्वस्त पडतं, पण कोणाच्या हातानं?

"घरी केलं की स्वस्त पडतं" हे मी लहानपणापासून ऐकत आले, आता मीही पोरांना तेच सांगते, आणि ते खरंच आहे, पण अर्धं. मी नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानाचे हिशेब लिहिते, बरीच वर्षं झाली आता, आणि तिथे माल आला की खरेदी, भाडं, हमाली, मजुरी सगळं वेगवेगळं लिहावं लागते, एकही रकाना रिकामा सोडता येत नाही. मग घरी आल्यावर कुरडयांचा, पापडांचा, गोधडीचा हिशेब करताना मात्र गहू, मीठ आणि गॅस एवढंच धरायचं आणि मजुरी कोरीच सोडायची, हे मला काही केल्या पटत नाही. मागे एकदा नवऱ्याजवळ बोलले तर तो म्हणाला, अगं घरच्या कामाची कसली मजुरी. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळून राहिला.

आधीच सांगते, मी घरच्या वस्तूंच्या विरोधात अजिबात नाही, उलट मला त्याचं वेडच आहे म्हणा ना. उन्हाळा लागला की माझं लक्ष गच्चीकडे, जुनी कॉटनची साडी माझ्याच्यानं फेकवत नाही, हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री आली की सालीसुद्धा सुपात पसरलेल्या असतात, त्या कडक वाळल्या की दळून डब्यात, पुढच्या दिवाळीला मुलतानी माती आणि वाळ्यासोबत उटणं होते. पगार बेताचा, दोन पोरांची शिक्षणं, घराचा हप्ता, त्यामुळे आमच्याकडे घरी करणं ही आधी गरज आहे आणि मग हौस. पण गरज घराची असेल तर काम पण घराचं पाहिजे ना, एकट्या बाईचं कसं काय?

कुरडयांचंच घ्या. नागपूरचं ऊन काय असते हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की आम्ही त्याची बातमी पण वाचत नाही, आणि मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पण हेच ऊन वाळवणाला सोन्यासारखं, कारण हवा कोरडी, एकदा घातलेली कुरडई संध्याकाळी उचलायला येते, दुसऱ्या दिवशी उलटून टाकली की वर्षभर हात लावायचं काम नाही. तिकडे कोकणात माझी मावसबहीण राहते, तिला हे ऐकूनच हेवा वाटतो.

आता कामाचं बघा. गहू ३ दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, आणि आमच्या उकाड्यात तर सकाळ-संध्याकाळ बदललेलं बरं, नाहीतर वास सुटतो. मग गहू वाटायचे, पाण्यात कालवून पिळायचे, फडक्यानं गाळायचे, चोथा वेगळा, आणि खाली उरलेलं पांढरं पाणी रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळी वरची निवळ हळूच ओतून टाकली की तळाशी घट्ट चीक. जेवढा चीक तेवढंच पाणी जाड बुडाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळायचं, मीठ आणि हिंग घालायचा, आणि एका हातानं चीक सोडत दुसऱ्या हातानं हलवत राहायचं, हात थांबला की गुठळी झालीच. चीक शिजला की काचेसारखा चमकतो, तो गरम आहे तोवरच सोऱ्यात भरायचा, थंडावला की दांडा दाबताना खांदा निघते. आणि हे सगळं पहाटे, कारण नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. आजी म्हणायची, "पोरी, चिकात गुठळी राह्यली तं कुरडई तुटते, अन् तुटली तं पाहुण्याच्या ताटात ठेवता येत नाही." चोथा पण वाया नाही जायचा, त्यात तिखट, मीठ, जिरं, थोडं ज्वारीचं पीठ घालून पापड्या थापल्या की पावसाळ्यात चहासोबत मस्त लागतात.

माझी आजी नागपूरच्या महाल भागात राहायची, जुना वाडा, खाली चौक आणि वर गच्ची. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, एम्प्रेस मिलमध्ये होते. ती मिल जमशेदजी टाटांची, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं म्हणून नाव एम्प्रेस. अर्ध्या नागपूरचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा होता. आजी पण भोंग्यावरच चालायची, पहिल्या भोंग्याला चुलीवर चिकाचं पाणी आणि आबाजी ड्युटीवर निघाले की सोऱ्या. आता त्या जागेवर मॉल आहे, मी कधी तिथे गेले की भोंगा कुठे असेल ते मनात शोधत बसते.

पण मला आठवते ती वेगळीच गोष्ट, आजी कुरडया एकटी कधीच घालत नव्हती. गल्लीतल्या बायकांचे दिवस ठरलेले असायचे, आज आमच्याकडे, उद्या समोरच्या काकूंकडे, परवा मागच्या वाड्यात, शेतात सावड करतात तसंच. एक चीक हाटायची, दोघी सोऱ्या दाबायच्या, एक धोतर अंथरायची, आणि आम्ही पोरं कावळे हाकलायला, आणि आमची मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक, त्यावर दूध आणि साखर. म्हणजे मजुरी होतीच की! बायकांची मजुरी बायकांनीच फेडायची, पोरांची चिकानं फिटायची. हिशेब कोणी लिहिला नाही पण हिशेब होता, आणि जिची फेड राहिली ती स्वतःच दुसऱ्या दिवशी येऊन तिखट कांडून द्यायची.

आणि आपण काय केलं? पदार्थ ठेवला आणि बायका काढून टाकल्या. वाडा गेला, फ्लॅट आला, गच्ची सोसायटीची झाली, चावी सेक्रेटरीकडे, आणि कुरडया मात्र सासूबाईंना आवडतात म्हणून घरच्याच पाहिजेत. मग एकटी बाई पहाटे चारला उठते, चीक पण तीच हाटते, सोऱ्या पण तीच दाबते, नऊला पोरांचे डबे आणि दहाला ऑफिस. आणि मग कोणी जेवताना म्हणते, "घरच्याच आहेत, किती स्वस्त पडल्या." मला त्या वाक्याचा राग येतो, खरं सांगते. मनापासून राग येतो.

मी एका वर्षी सगळं लिहून काढलं होतं. गहू, गॅस, मीठ, हिंग धरला तर घरच्या कुरडया बाजारच्या मानानं फारच स्वस्त. मग त्यात मी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना तासाचे जेवढे देते त्या भावानं माझे, सासूबाईंचे आणि जाऊबाईंचे तास धरले, आणि बेरीज बाजाराच्या भावाच्या जवळ जाऊन बसली. म्हणजे बाजारवाल्या बायका काही लुटून नाही राहिल्या, तो भाव म्हणजे त्यांच्या खांद्याचा आणि पहाटेच्या झोपेचा भाव आहे. त्या दिवसापासून मी बचत गटाच्या स्टॉलवर घासाघीस करत नाही. आमच्या इथल्या प्रदर्शनात बायका कारमधून उतरून मुंगवड्यांच्या पाकिटामागे दहा रुपये कमी करा म्हणतात ना, तेव्हा मी तिथेच उभी राहून विकणारीची बाजू घेते, नवऱ्याला ते आवडत नाही पण असो.

पापडाची गोष्ट तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्याचं लिज्जत झालं. लोक त्यातून उद्योगाची गोष्ट सांगतात, मला त्यातली लाटणावळीची गोष्ट मोठी वाटते. पापड तोच, लाटणं तेच, पोळपाट पण घरचाच, पण लाटणारीला तिच्या लाटण्याचे पैसे. घरात शंभर पापड लाटले तर "छान झालेत", आणि तेच तिथे लाटले तर हातात पैसे. फरक फक्त कोणीतरी तो रकाना भरला एवढाच.

म्हणून माझ्या घरात मी ठरवून टाकलं आहे की उडदाचे पापड घरी करायचे नाहीत. पीठ कुटा, तेलाचा हात लावा, पातळ लाटा, आणि ते पण कडक उन्हात नाही टाकायचे, तडकतात, सावलीतच वाळवायचे, म्हणजे घरभर चादरी आणि कोणी पंखा लावायचा नाही. चार बायका नसतील तर पापड विकत. साबण घरी, मेणबत्ती घरी, हे मोबाईलवर बघून जे चाललं असते ते पण नाही, त्याचा कच्चा मालच महाग आणि फेकून द्यायला जास्त. पण मुंगवड्या घरी, कारण त्या दोन हातांत होतात. मुगाची डाळ रात्री भिजवा, सकाळी पाणी न घालता जाडसर वाटा, आलं, लसूण, हिरवी मिरची, बारीक चिरलेला सांभार म्हणजे कोथिंबीर, मीठ, आणि बोटांनी छोट्या छोट्या वड्या प्लास्टिकवर टाका. आजी बाजेवर टाकायची. दोन-तीन कडक उन्हं मिळाली की खडखडीत. मग पावसाळ्यात भाज्यांचे भाव चढले की मूठभर वड्या तेलात लालसर परतायच्या, कांदा, टमाटर, थोडं फल्लीदाण्याचं म्हणजे शेंगदाण्याचं कूट, गरम पाणी, आणि झाकण. वड्या रस्सा पितात म्हणून पाणी सढळ हातानं. चार माणसांची भाजी, आणि त्या दिवशी बाजारात जायचं काम नाही.

महिन्याच्या शेवटी आमच्याकडे गोळाभात असतोच. विदर्भातल्या माणसाला सांगायला नको पण बाकीच्यांसाठी लिहिते. तांदूळ दोन वाट्या असतील तर हरभऱ्याच्या डाळीचं रवाळ पीठ एक वाटी, दुकानचं गुळगुळीत बेसन नको, त्याचे गोळे दगड होतात, चक्कीवरून जाडसर काढून आणायचं. त्यात तिखट, हळद, हिंग, मीठ, गरम तेलाचं मोहन दोन-तीन चमचे, आणि गोळा वळला जाईल इतकंच पाणी. लिंबाएवढे गोळे. भात उघड्या गंजात शिजवायचा, पाणी आटत आलं की गोळे वरून भातात अर्धे दाबून बसवायचे, झाकण ठेवून मंद आच, दहा-बारा मिनिटं. ताटात भात, त्यावर गोळा फोडून कुस्करायचा आणि वरून कडकडीत फोडणी, तेल, मोहरी, हिंग आणि लाल मिरच्या. तेलात कंजूषी केली तर घशात अडकते, म्हणून सोबत चिंचेचं सार नाहीतर ताक. तांदळात जे प्रोटीन कमी पडते ते डाळीत असते, दोन्ही एका ताटात आले की पोट पण भरते आणि अंगाला पण लागते, हे डॉक्टरांनी सांगायच्या कितीतरी आधी आपल्या बायकांच्या हातात होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे हे एका गंजात होते. भांडी कमी. भांडी कोण घासते याचा विचार करून मी पदार्थ ठरवते आता.

पण कमी पैशात डोकं कसं चालते हे मी शिकले ते भुलाबाईत, म्हणजे आमच्याकडच्या पोरींच्या सणात. भाद्रपदातल्या पौर्णिमेला भुलाबाई बसायची ती कोजागिरीपर्यंत, महिनाभर, मातीचे भुलोबा-भुलाबाई, आणि संध्याकाळी आम्ही सगळ्या पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणायचो, टिपऱ्या खेळायचो. आणि शेवटी खिरापत. ज्या घरची खिरापत असेल त्या घरची बाई डबा आणायची, झाकण बंद, आणि आम्ही ओळखायचं. गोड की तिखट? ओली की सुकी? डबा हलवून बघायचा, वास घ्यायचा, आवाज ऐकायचा. ओळखली नाही तर घरच्या बाईचा मान काय वाढायचा! आता विचार करा, महिनाभर रोज, सगळ्या घरांत तेच ते जिन्नस, फल्लीदाणे, गूळ, पोहे, मुरमुरे, डाळ, कणिक, आणि पैसा कोणाकडेच नाही, आणि तरी रोज नवीन काहीतरी पाहिजे जे वीस पोरींना ओळखता येणार नाही. मला तर वाटते आपल्याकडच्या निम्म्या खाऊचा जन्म ह्या डब्यातच झाला असेल.

माझी आई त्यात फारच तयार होती. उन्हाळ्यात आम्ही टरबूज खाल्लं की बिया फेकू द्यायची नाही, धुऊन, वाळवून बरणीत, आणि भुलाबाईच्या आधी दुपारी बसून एक एक बी सोलायची, आम्हालाही बसवायची. त्या बिया किंचित तुपात परतून मीठ-पिठीसाखर लावली की कोणालाच ओळखू यायच्या नाहीत, सगळ्या चारोळी म्हणायच्या. कधी शिळ्या पोळ्यांचा मलिदा, पोळी हातानं बारीक चुरायची, गूळ, थोडं तूप, वेलची, आणि डब्यात इतकी दाबून भरायची की हलवलं तरी आवाज नाही. नुसता आवाज चुकवायला ती डब्यात आतून छोटी डबी ठेवून त्यात दोन फल्लीदाणे टाकायची, म्हणजे सगळ्या पोरी "लाडू, चिक्की, दाणे" ओरडत बसायच्या आणि आत असायचे उकडलेले शिंगाडे. वाटलेली डाळ, सातूचं पीठ, लाह्यांचा चिवडा, भोपळ्याचे घारगे. एक दिवस तर नुसती पिकलेली पेरू-केळी कापून वर चाट मसाला, आणि आम्ही हरलो.

त्यात गंमत ही की ते काम कामासारखं वाटायचं नाही, कारण बघणारे होते. वीस पोरी डब्याकडे डोळे लावून बसल्या आहेत, तुझ्या हुशारीचा कस लागणार आहे, आणि जिंकलीस तर उद्या गल्लीभर बोलणार आहेत. एकट्या बाईनं बंद स्वयंपाकघरात तोच मलिदा केला तर त्याला "शिळ्या पोळ्या संपवल्या" म्हणतात. माझ्या मते घरच्या वस्तूला जी किंमत लागते ती अशी, चार जणांनी मिळून करणं आणि चार जणांनी बघणं, आणि ह्या दोन्हीपैकी काहीच नसेल तर ती नुसती वेठ आहे, मग कितीही स्वस्त पडो.

गोधडीचं पण तसंच. आबाजी मिलमधून कापडाचे तुकडे आणायचे, कामगारांना स्वस्तात मिळायचे ते, आणि आजीच्या नऊवारी साड्या, आबाजींचं धोतर, सगळं मिळून गोधडी. आतले थर जुन्या धुतलेल्या सुती कापडाचेच पाहिजेत, वर चांगला तुकडा, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं, दोन टाके सारखे पाहिजेत, कोपऱ्यांना त्रिकोणी तुकडे कारण फाटते ती कोपऱ्यातूनच. सिंथेटिक साडीची गोधडी करू नका हो, दिसायला चमकते, पण थर सरकतात आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. नागपूरची थंडी दोनच महिन्यांची पण डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली आला की ती गोधडी कोणत्याही ब्लँकेटला ऐकत नाही. आजीच्या शेजारच्या बाई सुईत दोरा ओवून द्यायच्या फक्त, डोळे गेले होते आजीचे, आणि त्या बदल्यात आजी त्यांच्या नातवाचं दुपटं शिवून द्यायची. हल्ली गोधडी ऑनलाइन मिळते, किंमत बघून लोक डोळे मोठे करतात. मी नाही करत. ते टाके मोजा आणि मग बोला.

कागदाच्या लगद्याच्या टोपल्या मात्र मी अजूनही करते आणि सगळ्यांना करायला सांगते, कारण त्याला पैसा जवळजवळ शून्य आणि पोरं आनंदानं हात घालतात. पेपरचे तुकडे दोन-तीन दिवस भिजवायचे, मूठभर मेथ्या वेगळ्या भिजवायच्या, दोन्ही वाटून एकत्र मळायचं. भिजलेल्या मेथीचा जो बुळबुळीत चिकटपणा असतो ना, तोच डिंकाचं काम करतो, आणि कडू असल्यामुळे कीड पण लागत नाही. गंज पालथा घालून त्यावर ओलं फडकं, त्यावर लगदा बोटभर जाड थापायचा, उन्हात वाळला की अलगद सुटतो. आतून-बाहेरून साधा कागद खळीनं चिकटवला की पक्की टोपली. आजी त्यात डाळी ठेवायची, मी ठेवत नाही, पेपरची शाई असते, अन्नाला पेपर लागू देऊ नका असं अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, एफएसएसएआयनं, २०१६ मध्ये सांगून ठेवलं आहे, त्यामुळे माझ्याकडे त्यात कांदे-लसूण, सुई-दोरा, आणि पोरांच्या चार्जरच्या वायरी.

आणि तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही गंमत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. आमच्या घरी एकच लाकडी बैल आहे, नवऱ्याच्या लहानपणचा, दरवर्षी त्याला ऑइलपेंटचा नवा हात आणि नवी झूल. झूल ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यांची, त्यावर जुन्या साडीची जर, गळ्यात लोकरीचे गोंडे. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे, पण त्याच्या आधीही आमच्याकडे नव्हता, कारण तो विकत आणावा लागते आणि कापड घरात पडलेलंच असते. हे काम पूर्ण नवऱ्याचं आणि मुलाचं, मी सुईसुद्धा शोधून देत नाही. पहिल्यांदा मुलगा म्हणाला होता की शिवणं पोरींचं काम, त्याला त्याच्या बाबांनी स्वतः सुई हातात घेऊन गोंडा शिवून दाखवला, नवऱ्याचं हे मला फार आवडलं, इथे मुद्दाम लिहून ठेवते. आता तो स्वतःच्या शर्टाची बटणं लावतो.

मागच्या वर्षी सोसायटीतल्या पोरींनी भुलाबाई बसवली आणि पोरं पण खिरापत ओळखायला येऊन बसली, मी म्हटलं बसू द्या, पण मग एक दिवस खिरापत त्यांनी करायची. केली त्यांनी. जाड पोहे कोरडेच भाजले, गूळ किसून त्यात फल्लीदाण्याचं कूट आणि थोडी जवसाची पूड घातली, आणि चमचाभर तुपावर हलवून लाडू वळले. जवसामुळे वास वेगळाच आला, कोणालाच पत्ता लागला नाही. आईलोक मोबाईलमध्ये फोटो काढून राहिल्या होत्या, मी मात्र ओट्याकडे बघत होते, आणि ओटा पण त्यांनीच पुसला होता.

तर यंदा मी उन्हाळ्याची यादी फ्रिजवर लावली आहे, पदार्थ एका बाजूला आणि करणाऱ्यांची नावं दुसऱ्या बाजूला. सासूबाई म्हणाल्या हे काय ऑफिस आहे का, पण मग चष्मा लावून वाचली आणि स्वतःचं नाव मुंगवड्यांपुढे लिहायला सांगितलं, बसून होते म्हणाल्या. कुरडयांपुढे आम्ही चौघं, मी, जाऊबाई, दीर आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी, सोऱ्या दिराकडे कारण खांदा त्यांचा मजबूत, आणि पुढच्या रविवारी आम्ही सगळे वहिनींच्या कुरडयांना. सरगुंडे मुलीला शिकायचे आहेत, आमरसात तिला फार आवडतात, काडीवर कणिक गुंडाळायला बोटं बारीक लागतात आणि तिची आहेत. कूलरच्या ताट्यांमधलं गवत बदलणं मुलाकडे. पापडांपुढे बचत गटाचा फोन नंबर आणि पैसे. कोहळ्याच्या सांडग्यांपुढे अजून कोणाचंच नाव नाही, नवरा म्हणतो त्याला सांडगे हवेतच, दहीभातासोबत. मी त्याला कोहळा किसून पिळून कसा काढायचा ते सांगितलं आहे आणि पेन फ्रिजवरच ठेवला आहे, त्यानं नाव लिहिलं की कोहळा आणू.